अंगणातली वाट

गहू पिकून आठवडा उलटला होता आणि कापायला माणूस मिळत नव्हतं.

वहिनी रोज सकाळी बांधावर उभी राहायची. एक ओंबी तळहातावर चोळायची, फुंकर मारून कुसळं उडवायची, दाणा दाताखाली धरायची. कट्ट वाजायचा. अजून चार दिवस गेले तर निम्मं पीक मातीत झडणार, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. गावात लहानथोर सगळे तिला वहिनीच म्हणत. नवऱ्याच्या मागे तेवढाच मान उरला होता, आणि अलीकडे तोही सैल पडायला लागला होता. कापणीच्या बायकांची दारं तिने पालथी घातली. एकीच्या अंगात कसकस होती. दुसरीकडे पाहुणे यायचे होते. तिसरीची सून दारात येऊन म्हणाली, "सासूबाई घरात नाहीत," आणि नेमक्या त्याच वेळी आतून सासूबाई शिंकल्या. सून कावरीबावरी झाली. वहिनीच म्हणाली, "बरं बाई, आल्या की सांग," आणि परत फिरली.

कुणी तोंडावर काही बोललं नाही. पण कारण सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या अंगणातून नदीकडे जाणारी वाट, हेच ते कारण.

गावाच्या खालच्या अंगाला नदी होती. वर डोंगरात धरण. धरणाने पाणी अडवलं की नदीत नुसते धोंडे पडलेले असायचे, आणि सोडलं की तेच पाणी कपारीतून असं उसळत यायचं की घरात बसून आवाज ऐकू यावा. या फेसाळ पांढऱ्या पाण्यात होड्या घालायला शहरातून माणसं यायची. एकेका माणसापुरत्या, लांबट, रंगीत प्लॅस्टिकच्या होड्या. धरणवाल्यांशी भांडून भांडून त्यांनी हंगामात रविवारचं पाणी पदरात पाडून घेतलं होतं. पूर्वी ती शेजारच्या रानातल्या गाडीरस्त्याने खाली उतरत. मग ते रान एका बंगलेवाल्याने घेतलं. तारेचं कुंपण घातलं, डोंगर खोदून भाड्याने द्यायचे बंगले बांधायला काढले, आणि खोदलेली माती, दगड, सिमेंटचे तुकडे, सगळा राडा सरळ नदीत लोटायला लागला. गाडीरस्ता गेला. नदीकडे जाणारी एकच पायवाट उरली. ती वहिनीच्या फाटकातून आत, अंगणातून, गोठ्याच्या कडेने, गव्हाच्या शेतातून खाली उतरायची.

पहिल्यांदा त्यांची पुढारी फाटकाबाहेर उभी राहून विचारायला आली होती. दातांची डॉक्टरीण, आखूड केसांची, खणखणीत आवाजाची. "मावशी, खाली जाऊ का?" वहिनी म्हणाली होती, "जा की." बस, एवढंच. त्यावरच दोन हंगाम झाले.

होडीवाले पाण्यात उतरायच्या आधी राड्याचे फोटो काढायचे आणि कचेरीत तक्रारी टाकायचे. बंगलेवाल्याने गावात सांगून ठेवलं, ही माणसं यायची बंद झाली की रस्ता डांबरी करून देतो, घरटी एकाला काम देतो. आणि त्याच्या कामावर मुकादम होता वहिनीचा धाकटा दीर.

दीर भिंतीपलीकडेच राहायचा. वाटण्या झाल्या तेव्हा घराच्या मधोमध विटांची भिंत घातली होती. त्या संध्याकाळी तो आला आणि ओसरीच्या कडेला टेकला. ओसरीत मामंजींची खाट होती. गोठ्याच्या छपरावरून पडल्यापासून म्हाताऱ्याचे पाय गेले होते, जीभ मात्र शाबूत होती.

"वहिनी, उद्या माणसं पाठवतो," दीर म्हणाला. "परवापर्यंत शेत मोकळं करून देतील."

"आणि?"

"आणि काय? फाटक लावून घ्यायचं. तेवढंच."

वहिनी गव्हाची सुपं पुसत होती. पुसतच राहिली. "त्या माणसांनी तुमचं काय घोडं मारलंय हो, भाऊजी?"

"माझं काही नाही. पण साहेबाचं काम थांबलं तर गावाचं थांबेल. आणि तुझ्या एकटीच्या घरात दर आठवड्याला परके लोक घुसतात, हे बरं दिसतं का?"

"मला कुणी विचारणार आहे का?" खाटेवरून मामंजी म्हणाले. "फाटक माझ्या बापाने बसवलंय."

"बाबा, तुम्ही पडा."

म्हाताऱ्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. दीर जायला उठला. "भावाचं शेत झडताना बघवत नाही गं मला," असं म्हणाला, आणि ते खरंही होतं. तो गेल्यावर वहिनीने कपडे वाळत घालायच्या दोरीचा एक तुकडा कापला आणि फाटकाच्या दोन्ही फळ्या आवळून बांधल्या.

शनिवारी माणसं आली. शिंकणाऱ्या सासूबाईही आल्या आणि काही झालंच नाही अशा बोलत राहिल्या. दिवस मावळेपर्यंत निम्मं शेत कापून झालं. राहिलेलं सोमवारी, असं ठरलं.

रविवारी सकाळी मामंजींनी दाढी करून मागितली. होडीवाल्यांना ते "कासवांची वरात" म्हणायचे, कारण होडी डोक्यावर पालथी घेऊन चालणारा माणूस लांबून तसाच दिसतो. नावं ठेवायची एकही संधी ते सोडत नसत. पण रविवार आला की दाढी हवी, धुतलेला सदरा हवा, आणि खाट वाटेकडे तोंड करून हवी. वहिनीने सगळं निमूट केलं. खाट फिरवली. फाटकाचं त्यांना सांगायचं धाडस मात्र झालं नाही.

गाड्या थांबल्याचा आवाज आला. हसणं, वल्ह्यांचा खडखडाट. मग एकदम शांत.

वहिनी स्वयंपाकघरात, दाराकडे पाठ करून बसली होती.

"मावशी?" डॉक्टरीण बाईंनी हाक मारली. एकदाच.

"दोरीच आहे. सोडू का?" कुणीतरी म्हणालं.

"नको. बांधलंय म्हणजे बांधलंय. चला."

गाड्या परत वळल्या. धूळ अंगणात येऊन बसली.

"गेले?" मामंजींनी विचारलं.

"गेले."

"पाणी सुटलंय आज."

पाणी सुटलं होतंच. दिवसभर खालून त्याची गाज येत राहिली, आणि त्यात माणसाची एकही आरोळी नव्हती. वहिनीने सवयीने मोठं पातेलं भरून चहा ठेवला होता. दोघांनी पिऊन पिऊन किती प्यावा? मामंजींनी तर नकोच म्हटलं. चहावर साय धरली, साय सुरकुतली. भाजीला मीठ घातलं की नाही हे विचारायला ती ओसरीत आली, तर म्हातारा डोळे मिटून पडलेला. ती शेळ्यांकडे गेली. शेळ्यांशी बोलायला लागली आणि आपलाच आवाज कानावर पडल्यावर दचकून थांबली. नवऱ्याला जाऊन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि घरातली शांतता तिच्या अंगवळणी पडली होती असं ती समजून चालली होती. संध्याकाळी तिने जाऊन फाटकाची दोरी सोडली. गाठ ओढून बसली होती. नखांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडली.

सोमवारी माणसं विळे घेऊन आली, उघडं फाटक बघून बाहेरच थांबली. एकाने मुकादमाला फोन लावला. आल्या पावली सगळी परत गेली. सासूबाई तेवढ्या मागे वळून म्हणाल्या, "वहिनी, कशाला गं हा हट्ट?" पण उत्तराची वाट न बघता त्याही गेल्या.

उरलेलं शेत वहिनी एकटीने कापायला बसली. उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत, आणि ऊन कललं की पुन्हा अंधार पडेपर्यंत. पहिल्या दिवशी कंबर दुखली, दुसऱ्या दिवशी कंबर आहे की नाही तेच कळेना. विळ्याच्या मुठीने तळहाताला फोड आला, फुटला, त्यावर फडकं बांधलं, फडकं रक्ताने चिकटलं. कुसळं मानेवर, कानात, पापण्यांत. मधूनच ती उठून मामंजींना पाणी पाजून यायची, कुशीवर वळवून यायची. पश्चिमेकडे ढग जमायचे आणि ती उभी राहून आभाळाकडे बघायची. वारा ढग घेऊन जायचा आणि ती पुन्हा वाकायची. पलीकडच्या रस्त्याने जाणारी माणसं मान वळवून बघायची. कुणी हाक मारत नव्हतं.

पुढच्या रविवारी होडीवाले पुन्हा आले. आशा नसेल, पण आले. फाटक उघडं दिसलं, तशी डॉक्टरीण बाई आत आल्या. वहिनी शेतातून वर आली. तिचे हात बघून बाईंनी विचारलं, "माणसं कुठेत तुमची?"

"नाहीत."

कुंपणापलीकडचा राडा, गावातल्या लोकांनी फिरवलेली तोंडं, सगळं बाईंनीही पाहिलं होतं. त्यांनी होडी गोठ्याला टेकवली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाल्या, "विळा द्या."

मग जे झालं त्याला कापणी म्हणणं जरा जास्तच होईल. एक तगडा, दाढीवाला गडी मूठभर ओंब्या वरच्यावर छाटत सुटला. दुसऱ्याने पेंढी बांधली, उचलली आणि ती भसकन सुटली. मामंजींनी खाट शेताच्या तोंडाशी न्यायला लावली आणि तिथून तोफा डागायला सुरुवात केली.

"अहो, मुळाशी धरा, मुळाशी! न्हाव्याचं दुकान काढलंय का?"

दाढीवाल्याने बोट कापून घेतलं. डॉक्टरीण बाईंनी पट्टी बांधली. "दाढ काढताना एवढा ओरडत नाही रे कुणी," त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले. वहिनीही हसली. तिच्या हसण्याचा आवाज ऐकून मामंजी क्षणभर थांबले, मग दुप्पट जोराने ओरडायला लागले. उन्हं उतरेपर्यंत शेत मोकळं झालं. गहू वाया गेला तो गेला, पण उरलेला घरी आला. त्या दिवशी पाण्यात कुणी उतरलंच नाही.

चहाला घरातले सगळे पेले, वाट्या, तांबे निघाले तरी पुरेनात. बाई ओसरीच्या पायरीवर वहिनीजवळ बसल्या.

"मावशी, एक विचारायचंय. ही वाट जुनी आहे ना?"

"सासऱ्यांच्या आधीपासूनची. गुरं पाण्यावर जायची, बायका धुण्याला जायच्या. सगळं गाव इथूनच उतरायचं."

"मग ही वहिवाट झाली. कचेरीत अर्ज करता येतो. नोंद झाली की नदीवर जायचा सगळ्यांचा हक्क पक्का. त्याच अर्जात नदीतल्या राड्याचंही मांडू. पण नीट विचार करा हं. एकदा नोंद झाली की तुम्हालाही फाटक लावता येणार नाही. कधीच नाही."

"बरं."

"आजच सांगू नका. घाई नाही."

"केला विचार," वहिनी म्हणाली. तिचं लक्ष अंगणात होतं. तिथे कुणी पेला विसळत होतं, कुणी शेळीला गव्हाची काडी चारत होतं, दाढीवाला मामंजींसमोर उकिडवा बसून बोलणी खात होता.

अर्ज गेला, आणि गावात तिचं नाव पडलं फाटकवाली. पिठाच्या गिरणीत तिचा डबा रांगेत पुढे सरकेनासा झाला. मागून आलेल्यांचं दळण व्हायचं, पांढऱ्या भुवयांचा गिरणीवाला तिच्याकडे न बघता म्हणायचा, "पट्टा तापलाय, थांबावं लागेल." ती थांबायची. शेवटी पीठ मिळायचं, तेही भरड. नळावर बायकांच्या गप्पा तिची घागर दिसली की बंद पडायच्या, आणि ती वळली की मागे पुन्हा सुरू व्हायच्या.

मग एक दिवस दीर दोन गडी आणि खुर्ची घेऊन आला.

"बाबांना नेतो मी," तो म्हणाला. "इथे येणाऱ्या-जाणाऱ्यांत त्यांचे हाल होतात."

"हाल?" वहिनी म्हणाली. "मी हाल करते त्यांचे?"

"तसं म्हणालो का मी? कचेरीत काय काय विचारतील, बाबांना कशाला मधे ओढायचं? मुलगा आहे मी त्यांचा."

त्याच्यापुढे काय बोलणार? सून ती सून. मामंजी आधी चिडले, मग शिव्या दिल्या, मग एकदम लहान मुलासारखे गप्प झाले. गड्यांनी त्यांना खुर्चीत बसवलं, छातीवरून फडकं बांधलं. वहिनीने त्यांचा तांब्या, औषधाची बाटली, दाढीचं सामान एका पिशवीत भरलं. जाऊ दारात उभी होती. तिने पिशवी घेतली आणि हळूच म्हणाली, "कुशीवर कसं वळवायचं, ते सांगा." वहिनीने सांगितलं. आधी गुडघा, मग खांदा. जाऊने मान हलवली.

मामंजींचं अंथरूण पलीकडच्या मागच्या खोलीत, भिंतीला लागूनच घातलं होतं. वहिनीला त्यांचा खोकला ऐकू यायचा. खोकला लांबला की ती हातातलं काम टाकून भिंतीपाशी उभी राहायची. पलीकडून जाऊचा आवाज आला की परत फिरायची. एकदा तिने भिंतीवर बोटाने टकटक केलं. पलीकडचा खोकला थांबला. तिला वाटलं, आता काही येईल. काही आलं नाही.

कचेरीचे साहेब जागा बघायला आले तेव्हा नदीत पाणी नव्हतं. मोजणीची फीत, शिपाई, छत्री, असा सगळा सरंजाम होता. साहेब माणूस सरळ होता. खाली उतरून त्यांनी राडा बघितला. निम्मं पात्र बुजलं होतं, ते कुणी दाखवायची गरज नव्हती. जुन्या नकाशात वाट होती, तीही निघाली. अंगणात गाव जमलं. बंगलेवाला स्वतः आला नाही. त्याच्यातर्फे दीर होता.

"साहेब, नदीवर कुणी जाऊ नये असं आमचं म्हणणंच नाही," दीर म्हणाला. बंगलेवाल्याने पढवलेलं तो विसरला असावा, किंवा विसरायचं ठरवून आला असावा. "पण ही माझी भावजय. एकटी राहते. तिच्या अंगणातून, चुलीसमोरून परके पुरुष जाणार? कायमचे? उद्या तिला काही झालं तर जबाबदार कोण?"

गावातल्या पुष्कळ माना हलल्या. त्याचा आवाज जड झाला होता आणि तो नाटक करत नव्हता, हे वहिनीला दिसत होतं.

साहेब तिच्याकडे वळले. "बाई, तुमचं काय म्हणणं आहे? या वाटेत तुमचा काय फायदा?"

सगळे बघायला लागले. वहिनीने पदर सारखा केला. "नदी सगळ्यांची आहे," ती म्हणाली. डॉक्टरीण बाईंचं हे वाक्य तिला पाठ होतं, आणि ते खरंही होतं. "ती बुजवू नये. आणि तिथे जायला कुणाला अडवू नये."

"ते झालं. पण तुमचं स्वतःचं?"

रविवारी सकाळी गाड्या थांबतात तेव्हा मला माणसात असल्यासारखं वाटतं, असं भरल्या गावात, फीत धरलेल्या शिपायासमोर कसं सांगायचं?

"माझं काही नाही," ती म्हणाली.

साहेबांनी डॉक्टरीण बाईंना विचारलं, "वाट अंगणातून न नेता शेताच्या हद्दीने काढली तर चालेल? कुंपणाला लागून. नदीपर्यंत पोचल्याशी कारण ना?"

बाईंचा चेहरा उजळला. "चालेल काय, फारच उत्तम. मावशींना आमच्यापायी आधीच खूप सोसावं लागलंय. त्यांना आणखी त्रास नकोच." आणि त्यांनी वहिनीचा हात हातात घेऊन दाबला. वहिनीने त्यांच्याकडे बघितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या हातातून आपला हात काढून घेऊन नाही म्हणायला जी भाषा लागते ती वहिनीला कुणी शिकवली नव्हती.

निकाल होडीवाल्यांच्या बाजूने लागला. बंगलेवाल्याने राडा उचलून पात्र मोकळं करायचं, गावाने आणि बाहेरच्यांनी हद्दीच्या वाटेने जायचं, आणि फाटकावर मालकिणीचा पूर्ण हक्क. बाई स्वतः सांगायला आल्या, दारातच मिठी मारून गेल्या; गाडीत माणसं खोळंबली होती. राडा उचलायचं काम निघालं, त्यावर गावातल्यांना मजुरी मिळाली, तशी लोकांची धारही बोथट झाली. गिरणीवाला तिचा डबा रांगेत घ्यायला लागला. सासूबाई नळावर "काय गं वहिनी" म्हणाल्या. मामंजी मात्र पलीकडेच राहिले. एकदा नेलेल्या म्हाताऱ्याला परत मागायला ती कोणत्या तोंडाने जाणार होती?

पुढचा हंगाम आला. पहिल्या रविवारी पाणी सुटलं. मोकळ्या झालेल्या पात्रातून ते पूर्वीपेक्षा मोठ्याने गाजत होतं. वहिनीने अंगण झाडलं, शेळ्या बांधल्या. गाड्या थांबल्या त्या फाटकाशी नाही, खाली कुंपणाच्या कोपऱ्यावर. पूर्वीपेक्षा जास्तच होत्या. वाट मोकळी झाल्याचं ऐकून नवे लोक आले होते. डोक्यावर होड्या घेऊन एकामागे एक माणसं हद्दीच्या कडेने चालू लागली. शेताच्या या टोकाला फक्त रंग दिसत होते, चेहरे नाहीत. बोलणं ऐकू येत होतं, शब्द लागत नव्हते.

वहिनीने विळा घेतला. हद्दीकडचं गवत वाढलंच होतं. शेत ओलांडून ती त्यांच्या दिशेने निघाली, चालता चालता पाय उचलला, आणि रांग पुढे निघून जाईल असं वाटलं तेव्हा हात वर करून मोठ्याने हाक मारली.

"अहो! ओ!"

रांगेतला शेवटचा माणूस थांबला. नवा होता, ओळखीचा नव्हता. होडी सावरत त्याने तिच्या हातातला विळा बघितला आणि घाईघाईने एक पाऊल कुंपणाकडे सरकला.

"हद्दीतच आहोत आम्ही, मावशी!" तो ओरडला. "तुमच्या शेतात पाय नाही टाकला!"

वहिनी थांबली.

"हो, हो," ती म्हणाली. "जा."